सातपुड्यातल्या पायवाटेला संरक्षण: अभयारण्य की संवर्धन राखीव?

धुळ्याच्या एका भटक्या मित्राचा प्रश्न: "भाऊ, तोरणमाळ ते पाल अशी लांब वाट आखली, तर तिला सरकारी दर्जा कोणता मागायचा?" अमेरिकेत यासाठी 1968 पासून राष्ट्रीय पायवाटांचा स्वतंत्र कायदा आहे. आपल्याकडे तसा नाही, त्यामुळे 1972 च्या वन्यजीव कायद्यातूनच मार्ग काढायचा. त्यातले दोन दर्जे वाटेला जुळतात: अभयारण्य, आणि सरकारी जमिनीवर स्थानिकांशी बोलून होणारं संवर्धन राखीव क्षेत्र (पुढे नुसतं 'राखीव'). दोन्हींचे नमुने जळगाव जिल्ह्यातच आहेत: यावल अभयारण्य आणि मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव.

संरक्षण अभयारण्याचंच पक्कं. एकदा आखलेली हद्द राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या शिफारशीशिवाय बदलत नाही.

पण चालणाऱ्याचं काय? अभयारण्यात शिरायला परवाना लागतो, म्हणजे वाट वाचते आणि वाटसरूच अडतो. संवर्धन राखीव क्षेत्रात ही परवान्याची अट लागू नाही. शिकार, वणवा लावणं यावर मात्र तिथेही बंदी.

खटाटोपही कमी-जास्त. अभयारण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांनी लोकांच्या हक्कांची चौकशी करायची असते. पावरा-भिल्ल पाड्यांमध्ये ती रेंगाळणार, आणि धास्ती वाढणार ती वेगळीच. राखीव फक्त सरकारी जमिनीवर, स्थानिकांशी बोलून होतं, सल्लागार समितीत ग्रामपंचायतीचा माणूस बसतो. मधे खासगी शेत आलं की मात्र साखळी तुटते.

दाट जंगलाचा, वन्यप्राण्यांचा टप्पा असेल तर अभयारण्य मागा. गावं जोडत जाणाऱ्या, जत्रेकरूंच्या वहिवाटीच्या वाटेला राखीव बरं. सबंध वाटेला एकच दर्जा मागण्याचा हट्ट मी तरी धरणार नाही.