रणगाड्यावरच्या ड्यूटीसाठी आगरोधक बनियन आणि हातमोजे : काही महिन्यांच्या वापरानंतर

मी रणगाड्यावर चालक, गाव खानापूर तालुक्यात. ओव्हरऑल (वरून घालायचा अंगभर एकसंध पोशाख) सरकारी मिळतं, त्याबद्दल लिहीत नाही. बनियन आणि हातमोजे मी पदरच्या पैशांनी घेतले, त्यांचं सांगतो.

बनियन मोडॅक्रिलिक (सहज पेट न घेणारा कृत्रिम धागा) आणि कॉटन अशा मिश्र धाग्याचा आहे. राजस्थानच्या उन्हात साध्या सुती बनियनपेक्षा जड वाटतो, घाम उशिरा वाळतो. तरी पैसे वसूल. आपल्याकडची नवी भरती झालेली पोरं बेळगावात कॅम्पातून चकचकीत ड्राय-फिट टी-शर्ट उचलतात. पळायला झकास, पण ओव्हरऑलच्या आत नको. पॉलिस्टर २५०-२६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि कातडीला चिकटून बसतं. वरच्या ओव्हरऑलचं अरामिडचं (आगीला टिकणाऱ्या कृत्रिम धाग्याचं) कापड वितळत नाही, कोळपतं. पण धग आत पोचतेच. अमेरिकी मरीन्सनी २००६ साली इराकमध्ये तळाबाहेर जाताना असले पॉलिस्टरचे कपडे बंद केले, ते यामुळेच. खास बनियन परवडत नसेल तर निव्वळ सुती घ्या. तो पेटतो, पण वितळून अंगाला चिकटत नाही.

दुकानदार 'प्युअर कॉटन' म्हणाला तरी आतल्या शिवणीतला एक धागा ओढून काडी लावून बघा. कॉटनची मऊ राख होते, कागद जळल्यासारखा वास येतो. पॉलिस्टर आक्रसून काळा, टणक मणी होतो. लेबल वाचत बसण्यापेक्षा हे बरं.

हातमोज्यांबद्दल मात्र नाराज आहे. तळव्याचं चामडं घामानं पत्र्यासारखं ताठ झालं आणि तर्जनीची शिवण उसवली. आमच्या बाजारातल्या टेलरनं पाच मिनिटांत शिवून दिली, पण साध्या पॉलिस्टर दोऱ्यानं! आगीत आधी तोच दोरा सुटणार. ती शिवण उसवून अरामिडचा दोरा मागवून घेतला, तेव्हा कुठं वापरात आले.

धुताना ब्लीच नको, सॉफ्टनर तर अजिबात नको. त्याचा थर कापडावर राहतो आणि तो पेटतो. डिझेल-ग्रीसचे डाग त्याहून वाईट. ते निघत नसतील तर तो बनियन गाडीत घालू नका, घरी शेतात वापरा. पावसाळ्यात सुट्टीवर आलो की खानापुरात काही वाळत नाही, म्हणून आई चुलीवरच्या दांडीला टाकायला बघते. तिथं धुराचा वास बसतो. पंख्याखाली टाकलेला बरा.

साइज एक नंबर मोठी घ्या. अंगाला घट्ट बसला तर मधे हवा राहत नाही आणि चटका लवकर लागतो. शिवाय पहिल्या धुण्यात थोडा आटतो. बनियन पुन्हा हाच घेईन, हातमोजे दुसरे बघतोय.