किनवटच्या दुकानातला गोरमाटी-मराठी चित्रतक्ता
बंजारा तांड्यावरच्या अभ्यासवर्गासाठी किनवटच्या एका लहान पुस्तकांच्या दुकानातून घेतलेला हा चित्रतक्ता मी दोन महिने वापरत आहे. आईच्या चित्राखाली ‘याडी’ हा बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीतला शब्द मोठ्या अक्षरात आणि त्याखाली ‘आई’ असे छापले आहे. तो पाहताच, वर्गात कधी तोंड न उघडणारी पहिलीतली मुलगी त्यावर बोट ठेवून मोठ्याने बोलली.

निजामाच्या राजवटीत उर्दूला मान होता, १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते, आणि मराठीची तेव्हा झालेली उपेक्षा मराठवाडा विसरलेला नाही. मग तीच वेळ आपण तांड्यावरच्या आणि कोलाम आदिवासींच्या पोडांवरच्या (वस्त्यांवरच्या) मुलांवर का आणावी? प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी, असे राज्यघटनेचा अनुच्छेद ३५०क सांगतो.

कागद मात्र पातळ आहे. कडा महिन्यातच फाटल्या. खरी उणीव वेगळीच: गोंडी व कोलामीचे तक्ते दुकानात नाहीत. कोणी मागत नाही, असे दुकानदारकाका म्हणाले. मी दोन्हींची मागणी त्यांच्या वहीत लिहून आले आहे. किनवट-माहूरच्या शिक्षकांनीही लिहावी.