प्रौढांचा बायबल वर्ग की घरगुती गट?

रविवारच्या उपासनेनंतर चर्चमध्ये भरणारा प्रौढांचा बायबल वर्ग आणि आठवड्यात कुणाच्या तरी घरी जमणारा आठ-दहा जणांचा गट, दोन्हींत बायबलमधलं वचनच वाचलं जातं. चालवणाऱ्याचं काम मात्र अगदी वेगळं.

वर्गाला तयारी लागते. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा 15वा अध्याय घ्या. उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणजे पैसा उधळून घरी परतलेला धाकटा मुलगा आणि त्याच्या स्वागतावर रागावलेला थोरला भाऊ यांची येशूने सांगितलेली गोष्ट, सगळ्यांना पाठ असतो. पण अध्यायाच्या पहिल्या दोन वचनांत येशूविरुद्ध कुरकुर करणारे परूशी आणि शास्त्री (त्या काळचे यहुदी धर्मपुढारी) दाखवून दिले, की थोरल्या भावाचा राग कुणाला उद्देशून सांगितला आहे ते उलगडतं. बायबलमधल्या रोमकरांस पत्राचे 16 अध्याय क्रमाने शिकायचे तर वर्गच हवा.

घरी हाच दाखला वाचला, की वर्गात कधी तोंड न उघडणारी एखादी मावशी घर सोडून गेलेल्या मुलाबद्दल बोलू लागते. तेव्हा पुस्तक मिटून तिच्यासाठी प्रार्थना करावी, अर्थ समजावत बसू नये. आणि बोलक्यांना प्रेमाने आवरावं लागतं: "काका, आता सूनबाईंचं ऐकू या." हे कसब मला शिकवण्यापेक्षाही अवघड वाटतं.

मंडळीत नव्याने आलेल्यांना मी आधी गटातच बोलावीन. वर्ग मात्र शिकवण्याची हातोटी असलेला माणूस मिळाला तरच सुरू करावा; नुसतं टिपण वाचून दाखवणाऱ्याच्या हाती तो देऊ नये.