लांब ट्रॅकची स्नोमशीन : एका हिवाळ्यानंतर

अलास्कात बर्फावर पळणाऱ्या गाडीला स्नोमोबाइल म्हटलं की लोक समजतात बाहेरचा आलाय. इथे तिला स्नोमशीन म्हणतात. नोव्हेंबरात मी सेकंडहँड घेतली. 850 सीसी टू-स्ट्रोक, 165 इंची ट्रॅक, म्हणजे गाडीखालचा फिरता रबरी पट्टा, त्याला तीन इंची रबरी दात. कंपनी कुठली ते सांगत नाही, कारण तक्रार कंपनीबद्दल नाहीच, माझ्या निवडीबद्दल आहे. मार्चअखेर 1,100 मैल झाले.

आधी चांगलं. पीटर्सव्हिलच्या वरच्या अंगाला, कंबरभर भुसभुशीत बर्फात, मित्रांच्या आखूड ट्रॅकच्या गाड्या रुतल्या की आम्ही फावडी काढायचो. माझी मात्र वरच्यावर तरंगत जायची. रिव्हर्सची गंमत वेगळीच. बटण दाबलं की गिअर पडत नाही, इंजिनच उलटं फिरायला लागतं.

पण आमच्या सहली निम्म्याहून जास्त नदीवरून जातात, हे मी घेताना विसरलो. फेब्रुवारीत चौघे डेश्का लँडिंगहून स्क्वेंट्ना गावाला निघालो. सुसिट्ना नदीवरून खाली, मग येंटना नदी धरून वर. मार्चमध्ये इडिटारॉड या स्लेज शर्यतीचे कुत्रे स्क्वेंट्नावरूनच पुढे रेनी पासकडे जातात. दोन-तीन दिवस बर्फ पडला नव्हता, वाट सिमेंटसारखी टणक. अर्ध्या तासात तापमानाचा लाल दिवा. या गाडीला पंख्याचा रेडिएटर नाही. ट्रॅकने उडवलेला बर्फ ट्रॅकवरच्या बोगद्यासारख्या पत्र्याला लागतो आणि त्यातून फिरणारं कूलंट गार होतं. सैल बर्फच नाही तर उडणार काय? शेवटी दर काही मैलांनी काठच्या मऊ बर्फात घुसून गाडी गार करायची, पुन्हा वाटेवर यायचं. बर्फ खरवडणारे स्प्रिंगचे स्क्रॅचर बसवल्यावर त्रास बराच कमी झाला. ते पहिल्याच दिवशी बसवा. ट्रॅक ज्यांवरून सरकतो त्या रुळांखालच्या प्लास्टिकच्या पट्ट्याही याच पायी एका मोसमात झिजल्या.

येंटनावर ओव्हरफ्लो लागला. वरच्या बर्फाच्या ओझ्याने गोठलेला थर दबतो, खालचं पाणी फटींतून वर येतं आणि बर्फाखाली लपून बसतं. वरून सगळं पांढरंशुभ्र. पुढच्या गाडीच्या मागे राखाडी रेघ उमटलेली दिसली की थ्रॉटलवरचा अंगठा सोडायचा नाही, हे ऐकून होतो, तरी मी, नागपूरकराने, सोडला. गुडघाभर गाऱ्यात सव्वादोनशे किलोंचं धूड ओढताना इंजिनाची ताकद काही कामाला येत नाही, दोर येतो. बाहेर काढल्यावर लगेच मागची बाजू उचलून ट्रॅक फिरवला. नाहीतर उणे वीसमध्ये तो तिथेच गोठतो.

इंजिनाची ताकद ट्रॅकला देणारा बेल्ट एकदाच तुटला. जादा बेल्ट बरोबर होता, पण हातमोजे काढून बदलायला दहा मिनिटं लागली आणि बोटं पूर्ववत व्हायला तास. पेट्रोल नदीवर गॅलनला अकरा-बारा मैल, डोंगरात सात-आठ. शिवाय टू-स्ट्रोक तेलाचा डबा सोबत लागतोच. नवशिक्याने ही घेऊ नये. 146 इंची ट्रॅकची मिळाली तर मीही बदलेन.

खाणं गरम करायला सायलेन्सरवर बसवलेला पत्र्याचा डबा मात्र काढून ठेवणार. स्क्वेंट्नाला पोचेपर्यंत संक्रांतीच्या उरलेल्या गूळपोळ्या त्यात इतक्या तापल्या होत्या की गूळ सुटून डब्याच्या कोपऱ्यात साचला, आणि या नागपूरकराने ओला हातमोजा काढून तो गूळ बोटाने पुसून खाल्ला.