तक्रार ‘निकाली’, प्रश्न जागेवर : एका राज्य विद्यापीठाच्या विद्यार्थी तक्रार निवारण सेवेचे परीक्षण

सरकारी विद्यापीठातील विद्यार्थ्याने आपले गाऱ्हाणे कोणाकडे मांडावे, या प्रश्नाला कागदावर तरी आता स्पष्ट उत्तर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने ११ एप्रिल २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते, तक्रार नोंदवण्यासाठी ऑनलाइन पोर्टल असावे लागते आणि समितीच्या निर्णयाने ज्याचे समाधान झाले नाही त्याला विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते. महाराष्ट्रातील ज्या राज्य विद्यापीठाच्या वसतिगृहात राहून मी संशोधन करतो, तेथे या तिन्ही सोयी आहेत. वसतिगृहातील मुलांचे अर्ज लिहून देण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आल्यामुळे ही सेवा मला बरीच जवळून पाहता आली. माझे मत आधीच सांगून टाकतो : समितीपर्यंतचा टप्पा निकृष्ट आहे, लोकपालांचा टप्पा अपेक्षेपेक्षा बराच चांगला आहे, आणि या दोहोंच्या मधली मोठी रिकामी जागा निवेदने, घेराव आणि ठिय्या यांनी भरून काढली आहे.

पोर्टलपासून सुरुवात करू. लॉगिन करायला पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी) क्रमांक आणि मोबाइलवर येणारा ओटीपी पुरतो. त्यात अडचण नाही. तक्रारीचा मजकूर मराठीत लिहिता येतो, ही चांगली गोष्ट आहे, मात्र विषय निवडण्याची यादी फार तोकडी आहे. परीक्षा, शिष्यवृत्ती, वसतिगृह, शुल्क आणि इतर एवढ्यांतच सगळे बसवावे लागते, आणि ‘इतर’ मध्ये गेलेली तक्रार नेमकी कोणाच्या टेबलावर जाते हे खुद्द तक्रार निवारण कक्षातल्या कर्मचाऱ्यांनाही सांगता येत नाही. सोबत जोडायच्या फाइलचा आकार इतका लहान ठेवला आहे की मोबाइलने काढलेला हॉल तिकिटाचा फोटो आधी लहान करून घ्यावा लागतो, आणि लहान केल्यावर त्यावरचा आसन क्रमांक वाचता येत नाही. तक्रार दाखल होताच टोकन क्रमांकाचा संदेश मात्र लगेच येतो.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. विनियमांप्रमाणे पोर्टलवर आलेली तक्रार संस्थेने १५ दिवसांच्या आत समितीकडे पाठवायची असते आणि समितीने शक्यतो कामकाजाच्या १५ दिवसांत आपला अहवाल शिफारशींसह सक्षम अधिकाऱ्याकडे देऊन त्याची प्रत विद्यार्थ्याला द्यायची असते. आमच्याकडे होते ते असे की तक्रार समितीपुढे न जाता ज्या विभागाविरुद्ध ती केली आहे त्याच विभागाकडे ‘आवश्यक कार्यवाहीस्तव’ रवाना होते आणि रवाना झाल्याबरोबर पोर्टलवर तिच्यापुढे हिरव्या अक्षरांत ‘निकाली’ असे उमटते. उघडून पाहिले तर आत एकच ओळ असते : ‘संबंधित विभागास कळविण्यात आले आहे.’ तक्रार पुढे ढकलली म्हणजे ती मिटली, असा हा हिशेब आहे. वर्षअखेरीस जेव्हा एकूण तक्रारी आणि निकाली तक्रारी यांचा तक्ता तयार होतो, तेव्हा तो अर्थातच फार देखणा दिसतो.

एक प्रकरण जरा तपशिलाने सांगतो, कारण राज्यातल्या कोणत्याही विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला ते ओळखीचे वाटेल. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीच्या गुणपत्रिकेत एका विषयापुढे ‘गैरहजर’ असे छापून आले. ती पेपरला बसली होती. हॉल तिकिटावर त्या दिवशीची पर्यवेक्षकांची सही होती, उत्तरपत्रिकेचा क्रमांक तिने लिहून ठेवला होता आणि परीक्षा केंद्रावरच्या हजेरीपटावरही तिची सही असणारच होती. म्हणजे प्रश्न गुणांचा किंवा तपासणीचा नव्हताच. हजेरीपट काढून पाहिला की दहा मिनिटांत उलगडा होण्यासारखी ही बाब होती. पोर्टलवर तक्रार केली, ती परीक्षा विभागाकडे गेली आणि ‘निकाली’ झाली. परीक्षा विभागाच्या खिडकीवर विचारले असता केंद्राकडून अहवाल मागवला असल्याचे सांगण्यात आले. केंद्र असलेल्या महाविद्यालयाने आपल्याला असे पत्रच मिळाले नसल्याचे सांगितले. दरम्यान पुढच्या सत्राचा अर्ज भरण्याची मुदत संपत आली आणि संगणक प्रणाली तिला अनुत्तीर्ण समजून अडवू लागली.

अशा वेळी विद्यार्थी जे करतात तेच तिने केले : ती एका विद्यार्थी संघटनेकडे गेली. संघटनेच्या कार्यकर्त्यांनी असे आणखी काही विद्यार्थी गोळा केले, परीक्षा भवनासमोर ठिय्या दिला, घोषणा झाल्या, परीक्षा विभागाच्या संचालकांच्या हाती निवेदन देतानाचा फोटो निघाला आणि त्याच संध्याकाळी हजेरीपटांचे गठ्ठे सोडले गेले. तिचे काम झाले. संघटनेचे श्रेय मी नाकारत नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही तेथेच गेलो असतो. पण त्या संध्याकाळी विद्यापीठाने लेखी काहीही दिले नाही. चूक कोणाची होती, केंद्राने अहवाल पाठवला नव्हता की विभागाने तो पाहिला नव्हता, पुढे असे घडल्यास किती दिवसांत दुरुस्ती होईल, यातले काहीच कागदावर आले नाही. त्यामुळे पुढच्या सत्रात ज्यांच्यापुढे ‘गैरहजर’ छापून आले त्यांना पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागली, आणि ज्यांची कोणत्याही संघटनेशी ओळख नव्हती ते तर पुनर्परीक्षेचे शुल्क भरून मोकळे झाले.

प्रशासनाकडून वारंवार ऐकू येणारी एक तक्रार अशी की मुले सनदशीर मार्ग सोडून ऊठसूट आंदोलने करतात. हे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. सनदशीर मार्गावर हिरव्या अक्षरांतला ‘निकाली’ हाती पडतो आणि ठिय्या दिल्यावर हजेरीपट निघतो, हे एकदा पाहिलेला विद्यार्थी दुसऱ्यांदा पोर्टल उघडत बसत नाही. विद्यार्थ्यांच्या मोठ्या आंदोलनांचा इतिहासही असाच अगदी साध्या, रोजच्या तक्रारींपासून सुरू झालेला दिसतो. गुजरातमधील नवनिर्माण आंदोलनाची ठिणगी डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एल. डी. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहात खाणावळीचे बिल वाढवल्यामुळे पडली आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात २०१९ साली वसतिगृहातील एकट्याच्या खोलीचे मासिक भाडे २० रुपयांवरून ६०० रुपये करण्याचा आणि त्यावर सेवाशुल्क आकारण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा आठवडेच्या आठवडे विद्यापीठ बंद पडल्यासारखे झाले. मुंबई विद्यापीठात २०१७ मध्ये उत्तरपत्रिकांची संगणकावर तपासणी पुरेशा तयारीविना सुरू केल्याने निकाल कित्येक महिने रखडले, राज्यपालांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदतही पाळली गेली नाही आणि शेवटी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. त्या काळात प्रत्येकाने वेगवेगळा अर्ज केला असता तर काय झाले असते, याची कल्पना करणे कठीण नाही.

समितीच्या रचनेकडे आता वळतो. अध्यक्ष प्राध्यापक, सदस्य म्हणून चार प्राध्यापक किंवा ज्येष्ठ अध्यापक, त्यांत किमान एक महिला आणि किमान एक व्यक्ती अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातील असावी, अशी तरतूद आहे आणि ती योग्य आहे. विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी मात्र ‘विशेष निमंत्रित’ म्हणून बसतो. त्याची निवड विद्यार्थी करत नाहीत. अभ्यासातील गुणवत्ता, खेळ किंवा इतर उपक्रम पाहून संस्थाच त्याला नेमते, आणि गणपूर्ती (बैठकीला लागणारी किमान सदस्यसंख्या) मोजताना त्याला धरले जात नाही. आमच्या समितीवरचा निमंत्रित अत्यंत हुशार आणि सज्जन मुलगा होता, पण ज्या विभागप्रमुखांविरुद्ध तक्रार आहे त्यांच्याच हाताखाली त्याला शोधप्रबंध पूर्ण करायचा होता. त्याने बैठकीत तोंड उघडले नाही याबद्दल मी त्याला दोष देणार नाही.

निवडून आलेला प्रतिनिधी असता तर चित्र थोडे वेगळे असते. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुकांऐवजी गुणवत्तेवर आधारित नियुक्तीची पद्धत आणली. निवडणुकांतील हिंसाचार आणि पैशाचा वापर ही त्यामागची कारणे होती आणि ती खोटी नव्हती. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुका पुन्हा आणल्या आणि विद्यापीठ विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षाला अधिसभेत (सिनेटमध्ये) जागा दिली. प्रत्यक्षात २०१९ साली जाहीर झालेल्या निवडणुका विधानसभा निवडणुकीचे कारण देऊन पुढे ढकलल्या गेल्या आणि त्यानंतर करोना आला. हिंसाचार आणि पैसा यांवर उतारा नव्हता असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केलेल्या, विद्यार्थी निवडणुकांविषयीच्या लिंगडोह समितीच्या शिफारशींत उमेदवाराच्या खर्चाला ५,००० रुपयांची मर्यादा आहे, छापील पोस्टरना मनाई आहे, ७५ टक्के हजेरीची अट आहे आणि पदाधिकारी होण्यासाठी एकदाच निवडणूक लढवता येते. हे नियम पाळून निवडणूक घेणे अवघड असेल, पण निवडणूकच न घेतल्याने राजकारण काही आवारातून हद्दपार झालेले नाही. ते मागच्या दाराने येते, आणि मागच्या दाराने येणाऱ्याला आपल्या मतदारांना जाब द्यावा लागत नाही. आमच्याकडे कोणत्या संघटनेचे निवेदन घेऊन गेले की काम लवकर होते हे मुंबईत कोणाचे सरकार आहे त्यावर ठरते, ही गोष्ट पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा महिन्याभरात शिकतो.

वसतिगृहाच्या तक्रारींबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. पाणी, मेस, स्वच्छतागृहे यांसाठी ही सेवा निरुपयोगी आहे; वॉर्डनना प्रत्यक्ष भेटणे बरे. प्रवेशाच्या वेळी ‘कोणत्याही आंदोलनात भाग घेणार नाही’ असे हमीपत्र आमच्याकडून लिहून घेतले जाते, एवढी एकच नोंद करून पुढे जातो.

लोकपालांचा टप्पा मात्र वेगळ्या जातीचा आहे. हे पद निवृत्त कुलगुरू, दहा वर्षांचा अनुभव असलेले निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश यांना मिळते आणि विद्यापीठाशी त्यांचे हितसंबंध नसावेत अशी अट आहे. आमच्याकडे निवृत्त न्यायाधीश आहेत, आणि त्याचा फरक पहिल्याच सुनावणीत जाणवतो. शिष्यवृत्ती अडकल्याच्या एका प्रकरणात मी विद्यार्थ्याचा प्रतिनिधी म्हणून हजर होतो; असा प्रतिनिधी नेता येतो हे फार थोड्यांना ठाऊक आहे. महाविद्यालयाने विद्यार्थ्याचा अर्ज आपल्या लॉगिनमधून पुढे न पाठवता तसाच ठेवला होता आणि दोष शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर ढकलला होता. लोकपालांनी कोणतेही भाषण न करता महाविद्यालयाच्या लिपिकाला समोरच्या संगणकावर ते लॉगिन उघडायला सांगितले. अर्ज तेथे प्रलंबित दिसत होता, दिनांकासह. पुढची चर्चा फारच थोडक्यात आटोपली आणि कारणांसह लेखी आदेश ३० दिवसांच्या मुदतीत हाती आला.

मग अडचण कोठे आहे? लोकपालांकडे जाण्यासाठी आधी समितीचा निर्णय हवा, आणि तो मिळाल्यापासून १५ दिवसांत अपील करायचे असते. निर्णयच दिला नाही तर अपील कशाविरुद्ध करणार, असा पेच विद्यार्थ्यापुढे उभा राहतो, आणि ‘निकाली’ या एका शब्दाचा निबर उपयोग येथे लक्षात येतो. यावर आम्ही काढलेला तोडगा साधा आहे. पोर्टलवरच्या तक्रारीबरोबरच कागदी अर्ज आवक-जावक विभागात द्यावा, दुय्यम प्रतीवर शिक्का, दिनांक आणि आवक क्रमांक घ्यावा, मुदत उलटताच समितीच्या अध्यक्षांना सकारण लेखी निर्णय मागणारे स्मरणपत्र द्यावे आणि त्याच वेळी १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात आपल्या तक्रारीवरील कार्यालयीन टिपणीची प्रत मागावी. खिडकीवरचा लिपिक प्रतीवर शिक्का द्यायला कुरकुर करतो. तेथे शांतपणे उभे राहावे. टिपणीची प्रत मागितली आहे हे कळल्यावर अनेक तक्रारी अचानक समितीपुढे ठेवल्या जातात, असा आमचा अनुभव आहे. गुणांची फेरमोजणी किंवा पुनर्मूल्यांकन मागण्यासाठी मात्र लोकपालांकडे जाऊ नये. निकालावर परिणाम करणारी विशिष्ट अनियमितता किंवा भेदभाव दाखवता येत असेल तरच तेथे दाद लागते. ‘हजर असूनही गैरहजर’ हे प्रकरण त्यात चपखल बसते.

आयोगाने जून २०२४ मध्ये लोकपाल न नेमलेल्या १५७ विद्यापीठांची यादी जाहीर केली होती आणि त्यांतील १०८ राज्य विद्यापीठे होती, हे पाहता आमच्याकडे लोकपाल आहेत हेच पुष्कळ म्हणायचे. त्यांचे आदेश विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टाकावेत, म्हणजे पुढच्या विद्यार्थ्याला त्यांचा दाखला देता येईल, अशी लेखी विनंती आम्ही केली आहे. तिला आवक क्रमांक मिळाला आहे, उत्तर मिळालेले नाही. लोकपालांची नेमणूक तीन वर्षांसाठी किंवा वयाच्या सत्तराव्या वर्षापर्यंत असते. आमच्या लोकपालांची मुदत संपत आली आहे आणि नव्या नेमणुकीची जाहिरात अजून निघालेली नाही, तेव्हा ज्यांची अपिले तयार आहेत त्यांनी ती आताच दाखल करावीत.