इमॅटिनिब ४०० ची जेनेरिक गोळी: वापरून सांगते

मी मिरजेत ब्लाउज शिवते. सीएमएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर निघाल्यापासून रोज इमॅटिनिब ४०० ची एक गोळी चालू आहे, जेनेरिकच, म्हणजे तेच औषध पण मूळ कंपनीचं नाही, दुसऱ्या कंपनीनं बनवलेलं. नवीन पेशंट भेटला की पहिला प्रश्न ठरलेला, "स्वस्तातली चालते का हो?" म्हणून लिहिते.

मला तरी चालली. सुरुवातीला पांढऱ्या पेशी लाखाच्या वर होत्या. सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, लवकर ताळ्यावर आला, पण तेवढ्यावर खूश होऊ नका. खरं काय ते बीसीआर-एबीएलच्या पीसीआरमध्ये कळतं, म्हणजे रक्तात आजाराचा अंश किती उरलाय ते मोजणाऱ्या तपासणीत. माझा आकडा वर्षाच्या आत ०.१ टक्क्याखाली आला तेव्हा कुठे डॉक्टर हसले. ही तपासणी महाग पडते, तरी चुकवत नाही.

गोळी करते काय? या आजारात ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि बीसीआर-एबीएल नावाचं एन्झाइम तयार होतं. टायरोसिन कायनेज म्हणतात त्यातलं. "वाढ, दोन हो" हा निरोप पेशीत पुढे ढकलायचं त्याचं काम. शहाणं कायनेज गरज संपली की थांबतं. हे थांबतच नाही, मशीनच्या मोटरचं पॅडल दाबलेलं अडकावं तसं. त्याला चालायला एटीपी, म्हणजे पेशीतलं इंधन, लागतं. ते जिथे बसतं त्या खोबणीत ही गोळी आधीच जाऊन बसते. जुन्या केमोची औषधं विभागणाऱ्या चांगल्या पेशींनाही झोडपतात. माझी वेणी अजून शाबूत आहे.

आता त्रास. उपाशीपोटी घेतली की मळमळ ठरलेली. भरपेट जेवून, मोठा ग्लासभर पाणी पिऊन घ्यायची. रात्री पिंडऱ्यांत असे गोळे येतात की उठून उभं राहावं लागतं. सकाळी डोळ्यांखाली सूज. गिऱ्हाइकं विचारतात, "रडलीस का गं?" रंगही उजळलाय. तो औषधाचाच परिणाम, पण एका काकूंनी क्रीमचं नाव विचारलं! यासाठी पाचातला एक तारा कापते.

किमतीचं म्हणाल तर आपलं नशीब. १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने नोव्हार्टिसचा, म्हणजे या औषधाच्या मूळ कंपनीचा, पेटंटचा दावा फेटाळला आणि आपल्याकडे जेनेरिकचा रस्ता मोकळा राहिला. तरी पाकिटावरची किंमत बघून घाबरू नका, आणि तेवढी देऊही नका. दोन-तीन दुकानांत विचारा, भावात बराच फरक पडतो. एका मेडिकलवाल्याने मला न सांगता दुसऱ्या कंपनीची पाकिटं पिशवीत घातली होती. कंपनी बदलली तर डॉक्टरांच्या कानावर घालायची, म्हणून मी आता काउंटरवरच नाव वाचून घेते. आणि पाकीट संपायच्या आठवडाभर आधी दुकानात जा, छोट्या गावात हा माल लगेच मिळेलच असं नाही.