एड रीड की ट्रॉय पोलामालू?

अमेरिकन फुटबॉलमध्ये सेफ्टी म्हणजे बचावाची शेवटची फळी. तो चुकला की मागे कुणीच नसतं. 2002 मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सने या जागेसाठी एड रीडला घेतलं, पुढच्या वर्षी पिट्सबर्ग स्टीलर्सने ट्रॉय पोलामालूला. दोन्ही संघ हाडवैरी, त्यामुळे तुलना तेव्हापासूनच सुरू झाली.

रीड खोलवर उभा राहायचा आणि क्वार्टरबॅकचे, म्हणजे पास फेकणाऱ्या प्रतिस्पर्धी खेळाडूचे, डोळे वाचायचा. मुद्दाम जागा मोकळी सोडायची, पास तिकडे निघाला की झडप घालायची! कारकिर्दीत 64 इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा पास मधेच पकडणं, आणि ते चेंडू घेऊन उलट दिशेने 1,590 यार्डांची धाव. 2008 मध्ये ईगल्सविरुद्ध तर तो 107 यार्ड धावला. चेंडू हाती आला की बचाव संपला, आता आक्रमण, असं तो मानायचा.

पोलामालूची इंटरसेप्शन 32, म्हणजे बरोबर निम्मी. पण तो एका जागी थांबायचाच नाही. 2010 मध्ये टायटन्सविरुद्ध खेळ सुरू करणारा चेंडू सुटताच त्याने समोरच्या खेळाडूंच्या अख्ख्या रांगेवरून उडी मारून क्वार्टरबॅकला गाठलं. असं धाडस आकड्यांत मावत नाही. त्या मोसमात रीडने 10 सामन्यांत 8 इंटरसेप्शन घेऊनही सर्वोत्तम बचावपटूचा मान पोलामालूला मिळाला. रीडला तो 2004 मध्येच मिळाला होता.

सुपर बोल, म्हणजे मोसमाची अंतिम लढत, पोलामालूने दोन जिंकल्या, रीडने एक. पोलामालू बाराही मोसम स्टीलर्सकडेच राहिला. रीडचं शेवटचं वर्ष टेक्सन्स आणि जेट्समध्ये गेलं.

तरीही मी रीडलाच निवडेन. त्याच्या दिशेने चेंडू फेकायलाच क्वार्टरबॅक कचरायचे.